घरून आणलेला सिगार

चकल्यांच्या पितळी सोऱ्यात पीठ सोडून दुसरं काही भरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कर्नल खटावकर सोऱ्यात सिगार भरतात. तीन बसतात. तळाला चकतीच्या जागी ओल्या स्पंजचा गोल तुकडा, वर फिरकीचं झाकण. असा सोऱ्या काखोटीला मारून हे गृहस्थ दर गुरुवारी संध्याकाळी चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातल्या एका बड्या हॉटेलच्या सिगार लाउंजमध्ये शिरत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर परदेशी राजदूताचं गांभीर्य असे.

"पितळ ओलावा धरून ठेवतं, वहिनी," त्यांनी मला समजावलं होतं. "या लोकांच्या लाकडी पेट्या म्हणजे नुसतं फर्निचर."

पहिल्या दिवशी तिथल्या सेल्वम नावाच्या वेटरने तो सोऱ्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला आणि फार आदराने विचारलं, "सार, मुरुक्कु?" मुरुक्कु म्हणजे तमिळ घरातली चकली, आणि ती पाडायचं यंत्र अगदी आपल्यासारखंच. खटावकरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा पुढचे काही गुरुवार त्यांच्या टेबलाकडे फिरकला नाही. इकडे घरचा सोऱ्या गेल्यापासून त्यांच्या पत्नी शालिनीताई चकल्या विकत आणतात आणि सुखात आहेत.

आता 'कर्नल'चं. खटावकर कर्नल नाहीत. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात ते भांडार सांभाळत. नोकरीभर त्यांनी तंबू, बूट आणि बटणं पाहिली. युद्ध पाहिलं ते टीव्हीवर. निवृत्तीनंतर लाउंजमध्ये कुणीतरी मिशांकडे पाहून 'कर्नल' म्हणालं आणि यांनी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त केलं तर म्हणणाऱ्याचा अपमान होतो, हे त्यांचं कारण. दुसऱ्याचा अपमान टाळण्याचे असे बरेच मार्ग खटावकरांकडे आहेत, आणि सगळे त्यांच्याच सोयीचे आहेत.

माझा यात संबंध इतकाच, की ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना गाडी चालवता येत नाही आणि रिक्षावाल्यांशी ते तमिळमध्ये बोलतात. ते तमिळ ऐकून रिक्षावाले भाडं वाढवतात. गुरुवारी मी ऑफिसातून लवकर सुटते, तेव्हा सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. बाहेर गाडीत उकडतं म्हणून एकदा विचारलं, मी आत येऊ का? खटावकरांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सगळे नियम चाळले. बायकांबद्दल कुठे काही निघालं नाही.

"हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त खोकू नका."

आत गेले आणि धन्य झाले. बाहेर चेन्नईची हवा इडलीपात्रासारखी, आणि आत एसी इतका, की माणसं कोट घालून बसलेली. भिंतीवर घोड्यांची चित्रं. खुर्च्या अशा, की एकदा बसलं की उठायला मदत लागावी. कोपऱ्यात आपल्या पुण्याची दोन आयटीतली मुलं सिगार बासरीसारखा धरून एकमेकांचे फोटो काढत होती. फोटो झाल्यावर बराच वेळ दोघं हळूहळू हिरवी पडत गेली. काजू मात्र उत्तम होते. मी काजूंसाठी जात राहिले.

आणि खटावकरांच्या प्रवचनासाठी. विषय एकच: सिगार लाउंजमध्ये घरचा सिगार कसा न्यावा. कुणीही नवखा हाती लागला की ते खुर्ची सरकवत आणि सुरू करत. आधी विचारायचं, घरून आणलाय, चालेल ना? मग यजमानाकडूनही एक विकत घ्यायचा. लग्नाला जाऊन आपलाच डबा उघडून बसल्यासारखं दिसायचं नाही. त्यांच्याकडे मिळतो तोच घरून आणायचा नाही, ती त्यांच्या तोंडावर चपराक. आपल्या सिगारचं टोक ते कापून देतात, त्याचे जे पैसे लावतात ते न कुरकुरता द्यायचे. याला त्यांनी 'कापणावळ' असा शब्दही काढला होता आणि तो त्यांना फार आवडे. राख झटकायची नाही, ती आपण होऊन पडली पाहिजे. आणि शेवटी सिगार चिरडून विझवायचा नाही. ताटलीत ठेवून द्यायचा.

"तो सन्मानाने मरतो," खटावकर म्हणत. हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. "रीत म्हणून काही आहे की नाही?"

एकदा कुणीतरी खिशातली छोटी कात्री काढून सिगारचं टोक कापलं. खटावकर उठले, कोटाची बटणं लावली आणि लाउंज सोडून गेले. खाली लॉबीत एका कुंडीशेजारी उभे राहिले, तो माणूस जाईपर्यंत. मला वर बसून काजू संपवायला वेळ मिळाला.

या दरबारात त्यांना एकच शत्रू होता, आणि तो शेजारच्याच खुर्चीत बसायचा.

रंगनाथन, हायकोर्टातले निवृत्त वकील. कोर्टात माइक बंद पडला तरी त्यांच्या खटल्यात कुणाला पत्ता लागत नसे, असा आवाज. लाउंजमध्ये ते वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसून आणि रबरी चपला फटफटवत येत. शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, तिरुचीचा काळा चिरूट, बहुतेक वेळा वाकलेला. तोही घरून आणलेलाच. पण चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो, कापावा लागत नाही. वकिलांनी एवढ्यावरच मॅनेजरला धरलं होतं.

"तुम्ही काय कापलं?"

"काही नाही सार."

"मग कापण्याचे पैसे कसले?"

मॅनेजरने थकून पैसे सोडून दिले. घाव बसला तो खटावकरांना.

"वक्कील, ही रीत नाही."

"कुठे लिहिलंय, कर्नल?"

"रीत लिहिलेली नसते."

"म्हणजे ती फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुमचं डोकं कुठलंही कोर्ट पुरावा म्हणून दाखल करून घेणार नाही."

भांडण इंग्रजीत चाले आणि शिव्या आपापल्या मातृभाषेत. सगळं लाउंज रिकामं असलं तरी दोघं त्याच दोन खुर्च्यांत बसत आणि एकमेकांकडे धूर सोडत. वकिलांना आयुष्यात आता एकच खटला जिंकायचा राहिला होता. "एकदा म्हणा, कर्नल. 'माझं चुकलं.' दोन शब्द. मी सुखाने मरतो."

"चुकलो असतो तर म्हटलं असतं," खटावकर मिशीला हात लावत सांगत.

आणि हे खरं होतं. शालिनीताईंनी मला शपथेवर सांगितलंय, की लग्न झाल्यापासून त्यांनी हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. एकदा ते दिल्लीऐवजी विजयवाड्याच्या गाडीत बसले, तेव्हाही रेल्वेचंच चुकलं होतं.

मग एका गुरुवारी वकील आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सेल्वमने खालच्या आवाजात सांगितलं: अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली.

खटावकर "रीत म्हणून" भेटून आले. गाडीत त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. वाचा परत येऊ शकते, असं डॉक्टर म्हणतात. पण माणसाने बोलायची धडपड केली पाहिजे, आणि ती लवकर केली पाहिजे. वकील धडपडच करत नव्हते. एक तरुण मुलगी रोज चित्रांचे पत्ते घेऊन यायची. गाय. छत्री. 'म्हणा आजोबा, छत्री.' ज्या माणसाच्या आवाजाने न्यायाधीश दचकत, तो छत्री म्हणायला तयार नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

"म्हणणारच नाही तो," खटावकर म्हणाले. "मी पण नसतं म्हटलं."

त्यानंतरच्या गुरुवारपासून आमची गाडी नुंगंबाक्कमऐवजी ईस्ट कोस्ट रोडला लागली. वकिलांचं घर कोवलमच्या थोडं अलीकडे आहे. मी यांना फाटकाशी सोडायची, समुद्रावर जाऊन तळलेले मासे खायची आणि तासाभराने उचलायची. चौकशी केली नाही. केली असती तरी मला रीत शिकवली असती.

आणि एका गुरुवारी परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे अडकित्ता आहे?"

"सुपारी खायला लागलात?"

"नाही. सिगार कापायचाय."

मी ब्रेक दाबला. मागून बसवाल्याने माझा उद्धार केला. कात्री पाहून लॉबीत जाऊन उभा राहिलेला हा माणूस! अडकित्ता आणून दिला आणि त्याच रात्री शालिनीताईंना फोन करून सांगितलं, की यांचं डोकं गेलं. हे सांगताना मला आनंद झाला, तो लपवत नाही. इतक्या वर्षांच्या प्रवचनांनंतर एवढा हक्क माझा होता.

पुढच्या गुरुवारी मी मासे सोडले आणि त्यांच्या मागोमाग आत गेले. दार वकिलांच्या पत्नी जानकी अम्मांनी उघडलं. त्यांनी खटावकरांकडे पाहिलं ते वाट अडवून उभ्या राहिलेल्या बैलाकडे पाहावं तसं.

"तुमचा हा मित्र," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "येऊन सिगारचे उलटेसुलटे चाळे करत आजारी माणसाची थट्टा करतो. मी पहिल्याच दिवशी हाकलणार होते. पण हा आला की ते भिंतीकडे तोंड करत नाहीत."

खोलीत वकील उशांना टेकून बसलेले. तोंडाची एक बाजू ओघळलेली. समोर खुर्चीवर कोट घातलेले खटावकर. धूर करायला डॉक्टरांची बंदी होती, तेव्हा सिगार कोराच. खटावकरांनी तो काढला, माझ्या अडकित्त्यात धरला आणि कट्कन कापला. तोंडात धरायचं टोक नाही, पेटवायचं. मग तो सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर ठेवला. वकिलांचा डावा हात चादरीवर एकदा आपटला. खटावकरांचं लक्षच नाही. त्यांनी कानावरचा सिगार काढला, जानकी अम्मांनी ठेवलेल्या कॉफीत बुडवला, ढवळला आणि लहान पोर पेप्सीकोला चोखतं तसा चोखला. वर "वा!" म्हणाले.

वकिलांची मान लाल झाली. हात चादरीवर आपटू लागला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला.

"त्..." आवाज कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखा. "तप्... तप्पु!"

तप्पु म्हणजे चूक.

जानकी अम्मा स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊन धावत आल्या. खटावकर उभे राहिले. कॉफीने मिशा भिजलेल्या, कोटावर ओघळ. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आमां, वक्कील," ते म्हणाले. हो, वकीलसाहेब. "तप्पु. माझं चुकलं."

वकिलांनी हे ऐकलं. आणखी ऐकायला हवं होतं म्हणून की काय, त्यांनी पुन्हा म्हटलं, "तप्पु." या वेळी जरा स्वच्छ. खटावकरांनी पुन्हा कबूल केलं. मग ते चालूच राहिलं: एक म्हणतोय तप्पु, दुसरा म्हणतोय माझं चुकलं. मी असं काही बघितलं, की कुणाला तरी टोमणा मारते. त्या दिवशी मला एकही सापडला नाही, तेव्हा मी कॉफीचा पेला उचलून मोरीत नेला.

परतताना अंधारून आलं होतं. खटावकर खिडकीबाहेर बघत बसलेले. पुढे रस्त्यावर कोंडी झाली, तेव्हा एकदम म्हणाले, "वहिनी, पुढच्या गुरुवारी काय करू?"

"हेच करा परत."

"छे. परत केलं तर मुद्दाम करतोय हे ओळखेल तो. वकील आहे. आणि एकदा ओळखलं की गप्प बसेल." त्यांनी मिशीवरची कॉफी पुसली. "मला चुका सुचत नाहीत हो. सवय नाही."

"सिगार आमटीत बुडवा."

"ते फार होईल. खरं वाटलं पाहिजे."

मी विचार केला. "मग सिगार सोडा. कायद्यातलं काहीतरी चुकीचं सांगा. खून केला तरी दंड भरला की सुटता येतं, म्हणा."

खटावकर सीटवर पूर्ण वळून माझ्याकडे बघायला लागले. इतक्या आदराने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"हे चांगलंय," ते म्हणाले. "याला नुसतं तप्पु म्हणून भागणार नाही. याला त्याला अख्खं वाक्य लागेल."

मग त्यांनी काच खाली केली. कोवलमच्या बस हॉर्न वाजवत शेजारून घासत होत्या, मासळीचा वास आत येत होता, आणि खटावकर आपल्या मोडक्या तमिळमध्ये ते वाक्य म्हणून बघत होते. एकदा हळू, एकदा ठासून, खरं वाटेपर्यंत.