गच्चीवरचा जिल्हा

कापणी झाल्यावर जिल्ह्यातल्या शेतांत जो काडीकचरा उरतो, त्यातून किती वीज होईल याचा अंदाज सरकारी खात्यातले जयसिंगराव तीन महिने बांधत होते. आकडा असा भरघोस निघाला की यशवंतपूरच्या त्यांच्या गल्लीत ते छाती काढून चालू लागले. रागीचा पेंढा, तुराट्या आणि भुईमुगाची टरफलं असे तीन नमुने त्यांनी घरच्या गच्चीवर वाळत ठेवले, प्रत्येकाला सुतळीने गावाच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि भाग्यलक्ष्मीला, म्हणजे बायकोला, एकच बजावलं, "चिठ्ठी एकही हरवता कामा नये."

रविवारी सकाळी पुण्याहून नुकतेच बदलून आलेले त्यांचे वरिष्ठ पुरुषोत्तम साहेब हासनचा दौरा आटोपून बसने थेट घरी आले. सोमवारी अहवाल दिल्लीला फॅक्स व्हायचा होता आणि सहीआधी त्यांना नमुने पाहायचे होते. बस धुळीची होती, म्हणून आधी कढत पाण्याने आंघोळ झाली, मग दाट दुधाची कॉफी. साहेब खूश होते. जयसिंगराव ऐटीत त्यांना वर घेऊन गेले.

गच्ची झाडून लख्ख होती.

भाग्यलक्ष्मी शांतपणे कुंकवाचा डबा घेऊन आली. आत तिन्ही चिठ्ठ्या होत्या. "एकही हरवली नाही," ती म्हणाली.

साहेबांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. गॅस संपला होता, म्हणून तुराट्या आंघोळीच्या पाण्याच्या हंड्याखाली गेल्या. शेजारच्या कमलाक्काच्या गाईला चारा नव्हता, तिला पेंढा दिला. टरफलं मोगऱ्याच्या कुंड्यांत घातली.

"म्हणजे मी आंघोळ केली ती...?"

"होय साहेब. कॉफीचं दूधही त्याच गाईचं."

"मग विजेसाठी उरलं काय?"

"उरतंय कशाला? आमच्या माहेरी होसकोट्याकडं पण असंच. काडी कोण टाकतंय?"

साहेब जयसिंगरावांकडे वळले. "जयसिंगराव, तीन महिन्यांत एखाद्या घरच्या बाईला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. शेतमालकांकडून एकर लिहून घेतले होते, एवढंच. फॅक्स थांबला. जयसिंगराव पुन्हा गावोगाव फिरले, या वेळी थेट चुलीपाशी बसले, आणि आकडा आटून एक पंचमांशावर आला. साहेबांनी डोळे झाकून सही केली.

अहवालात आभाराच्या पानावर पहिलं नाव सौ. भाग्यलक्ष्मी यांचं होतं. जयसिंगरावांनी ते गल्लीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. एवढा अभिमान त्यांना मोठ्या आकड्याचाही वाटला नव्हता. शेवटी बायकोलाही दाखवलं.

"सरी, बरं झालं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला टरफलं स्वल्प जास्ती आणा. मोगरा बरा धरलाय."