‘कुठवर आलात?’ या प्रश्नावरील दंडाची हकीकत

श्री मार्गेश्वर प्रसन्न. चालत्यास वाट आणि थांबत्यास सावली देणारा जो देव, त्यास आधी नमस्कार करून, राजमार्गांवर जे जाहले ते जाहले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते समयी राज्य सुखरूप होते. धान्य मुबलक, रस्ते नवे, गाडी घरोघर, आणि फोन माणशी एक, कित्येकांकडे दोन. आणि त्या राज्याची रीत ऐसी होती की कोणी कोणाकडे निघाला म्हणजे यजमानाने वाटेत फोन करून “कुठवर आलात?” म्हणून विचारावे, आणि निघालेल्याने “हे काय, पोचलोच” म्हणून सांगावे, मग तो घरून निघालेलाही नसो. न विचारणे म्हणजे अनास्था, आणि न उचलणे म्हणजे अपमान. ऐसे चालले होते.

तो श्रावणमासी प्रकार जाहला. राज्याचे दिवाण यांचा एका कसब्यात सत्कार योजिला होता, आणि दिवाण स्वतः गाडी चालवीत निघाले, आणि मांडवातून फोन गेला की “साहेब, कुठवर आलात?”, आणि दिवाणांनी एका हाती स्टिअरिंग व एका हाती फोन धरून “आलोच” म्हटले, आणि त्याच क्षणी गाडीसकट मांडवात आले. देवदयेने माणूस दुखावले नाही. परंतु व्यासपीठ निखळले, हारतुऱ्यांची टोपली चाकाखाली गेली, आणि सनईवाले शेजारच्या उसात शिरले ते बराच वेळ हाका मारल्या तरी बाहेर येईनात. हे वर्तमान राज्याचे धनी जे श्रीमंत त्यांस कळले तेव्हां श्रीमंत आधी हसले, मग गंभीर जाहले, आणि म्हणाले, “पुढल्या रांगेत मुलं बसलेली असती तर?” मग आज्ञा जाहली की राजमार्गांचे सुभेदार सुभानराव घोलप यांस बोलावणे.

सुभानराव हे नेमके बोलणारे, नेमके जेवणारे, आणि लिहिलेले दोनदा वाचणारे गृहस्थ. त्यांनी कायदा सिद्ध केला तो ऐसा: गाडी चालवीत असता जो फोन हाती धरून बोलेल त्यास दंड; पुन्हा सापडल्यास दंड वाढीव आणि परवाना तीन महिने जप्त; आणि सापडणारा मार्गखात्याचाच चाकर असेल तर दंड दुप्पट. हे शेवटचे कलम सुभेदारांचे स्वतःचे. कारकून भीत भीत म्हणाला, “साहेब, हे आपल्याच गळ्यात येईल हो.” सुभेदार म्हणाले, “माझा गळा मोकळा आहे. लिही तू.” आणि श्रीमंतांनी शिक्का केला, आणि खिंडीखिंडीत, नाक्यानाक्यांवर चौक्या बसल्या, आणि दंड सुरू जाहला.

परंतु प्रजा हुशार. कायद्यात ‘हाती धरून’ ऐसे होते, म्हणोन लोकांनी फोन हाती धरणे सोडले आणि खांदा व कान यांमध्ये दाबून बोलू लागले. दुचाकीवाल्यांनी तो हेल्मेटात खोचला, आणि एकटेच मोठ्याने बोलत, हसत, कधी भांडत निघाले. दोन महिन्यांत निम्म्या राज्याची मान उजवीकडे कलली. हाडवैद्यांच्या दारी रांगा लागल्या. मग सुभेदारांनी कायदा दुरुस्त केला आणि ‘हात, खांदा, मान, मांडी अथवा हेल्मेट’ ऐसे स्पष्ट घातले, आणि इतके अडचणीत पडून हे लोक बोलतात तरी काय, हे पाहावयास साध्या वेषात स्वतः चौकीवर जाऊन उभे राहिले. पहिला सापडला तो दूधवाला. “काय एवढं तातडीचं होतं?” “काय नाय साहेब, डेअरीवाला विचारत होता कुठवर आला.” मग एक वकील सापडले, त्यांस अशीलाने तेच विचारले होते. मग एक गुरुजी सापडले, ते म्हणाले, “यजमानांनी विचारलं, कुठवर आलात. मी म्हटलं, दारात आहे.” “आणि होतात कुठं?” “तुमच्यापुढं.” सुभेदारांस तेव्हां उमगले की दंड बोलणाऱ्यास होतो, परंतु रोग विचारणाऱ्याचा आहे. परंतु विचारणारा घरी झोपाळ्यावर बसलेला. त्याच्यापर्यंत कायद्याचा हात कोणत्या वाटेने न्यावा, हे त्यांस सुचले नाही, आणि तो विषय तैसाच राहिला.

इतक्यात सुभेदारांच्या घरी मंगल निघाले. कन्या केतकी हिचे लग्न घाटाखालच्या जाचकांच्या विश्वजिताशी ठरले. मुलामुलीने एकमेकांस आधीच पसंत केले होते, वडीलधाऱ्यांनी मागाहून पसंत केले, आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस जाचकांच्या गावी साखरपुडा नेमिला. बैठकीत ठरले की आजचा खर्च दोन्हीकडे निम्मा निम्मा. परंतु धाकधूक होती ती विहीणबाईंची. गजराबाई जाचक या मानी बाई. त्यांचा फोन वाजता वाजता उचलावा लागे. मागे थोरल्या मुलाची सोयरीक याच कारणे मोडली होती: त्या व्याह्यांनी फोन उचलला नाही, मग “आवाज बंद होता” म्हणून सांगितले, आणि गजराबाईंनी दुसऱ्या दिवशी साडीचोळी परत पाठविली. हे सर्वांस ठाऊक होते. म्हणोन केतकी आईबरोबर आदले दिवशी पुढे निघाली तेव्हां वडिलांस म्हणाली, “बाबा, त्यांचा फोन आला तर घ्या. माझ्यासाठी एवढंच करा.” आणि सुभेदार हो म्हणाले. लेकीस हो म्हणताना त्यांनी कलमे मनात आणिली नाहीत.

पंचमीस दरबारचे काम उरकून सुभेदार एकटे गाडी घेऊन निघाले. खिशात अंगठी, शेजारच्या आसनावर फोन. घाट लागला आणि फोन वाजला. पाहतात तो विहीणबाई. सुभेदारांचा हात निम्म्या वाटेपर्यंत गेला आणि परत आला. गाडी बाजूस घ्यावी म्हटले तर एका अंगास कडा, एका अंगास दरी, आणि मागे मालट्रकांची रांग भोंगे वाजवीत. फोन वाजून थांबला. पुढल्या वळणास पुन्हा वाजला, त्यांनी पाहिले आणि उचलला नाही. तिसऱ्यांदाही वाजू दिला. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जाचकांचे अंगण, त्यात फोन कानाशी धरून उभ्या गजराबाई, समोर पाटावर बसलेली केतकी, आणि परत निघालेली साडीचोळी ऐसे सर्व एकामागून एक दिसू लागले. चवथ्यांदा वाजला आणि राजमार्गांच्या सुभेदारांनी तो उचलला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत म्हणोन खांद्याशी धरून मान उजवीकडे कलती केली, आणि म्हणाले, “हां विहीणबाई—” तो खिंडीच्या वळणावर शिट्टी वाजली.

तेथे चौकीवर कुसुमबाई कोळेकर हवालदार होत्या. सुभेदारांनीच त्यांस निवडून त्या खिंडीत बसविले होते, आणि नेमणुकीचे दिवशी सांगितले होते की पाहुणा, पुढारी, कोणासही सोडू नये. कुसुमबाई काचेशी आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आधी मान सरळ करा. फोन पडंल.” सुभेदारांनी मान सरळ केली. फोन तिकडून बंद जाहला होता. चौकीवर एक ट्रकवाला आपल्या दंडासाठी उभा होता, तो म्हणाला, “अवो बाई, हे तुमचं सुभेदारसाहेब हाईत.” कुसुमबाई म्हणाल्या, “म्हणून तर दुप्पट.” आणि सुभेदार निमूट गाडीतून उतरून चौकीत आले. मनात राग नव्हता; थोडी शरम होती आणि, खरे सांगावे तर, कोळेकरांस निवडल्याचे थोडे समाधानही होते.

पावती लिहीत असता मेजावर ठेविलेला सुभेदारांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो घेतला नाही. मग कुसुमबाईंनी पडद्यावर ‘विहीणबाई’ वाचून उचलला. “कोण बोलताय? हा सुभानरावांचा फोन ना?” “होय. मी खिंडीच्या चौकीवरून हवालदार कोळेकर. आपले व्याही इथं धरलेत.” “अगं बाई! धरलेत? कशापायी?” “तुमचा फोन घेतला म्हणून.” “मग काय घेऊ नये? विहीण आहे मी!” “काय काम होतं आपलं?” “काम कसलं? कुठवर आले ते विचारायला.” कुसुमबाई म्हणाल्या, “खिंडीत आलेत. आणि तुम्ही विचारलंत म्हणून अजून खिंडीतच आहेत.” आणि फोन सुभेदारांपुढे धरिला. ट्रकवाला हलक्या आवाजात म्हणाला, “सायेब, रेंज नव्हती म्हणा. घाटात कुणालाबी पटतंय. मी बायकूला बारा वर्सं तेच सांगतोय.”

सुभेदारांनी क्षणभर ट्रकवाल्याकडे पाहिले. युक्ती सोपी होती. लेकीची सोयरीक वाचेल, विहीणबाईंचा मान राहील, आणि घाटास कोणी साक्षीस बोलावणार नाही. मग त्यांनी फोन कानाशी धरिला आणि म्हणाले, “विहीणबाई, रेंज होती. आपलं नाव तीनदा दिसलं. कायदा माझा, म्हणून घेतला नाही. चवथ्यांदा भ्यालो, ठरलेलं मोडेल म्हणून, आणि घेतला. दोन्ही मीच केलं.” पलीकडे कोणी माईक तपासत होते, हॅलो हॅलो ऐसे ऐकू येत होते. मग विहीणबाईंनी विचारले, “तीनदा बघून घेतला नाहीत? मुद्दाम?” “मुद्दाम.” “आणि तोंडावर सांगताय मला?” सुभेदार म्हणाले, “काय करू? आज खोटं सांगून आलो, तर ते खोटं लेकीला घेऊन नांदावं लागेल तुमच्याकडं.” ट्रकवाला जमिनीकडे पाहत राहिला.

मग गजराबाई म्हणाल्या, “दंड किती?” “दुप्पट.” “दुप्पट का म्हणून?” “मीच तसं लिहिलंय.” “बरं बाई, तुमचं सगळंच न्यारं! आता माझं ऐका. बैठकीत काय ठरलं होतं? आजचा खर्च निम्मा निम्मा. मांडव निम्मा, जेवण निम्मं, भटजी निम्मे.” “होय.” “मग हा दंड आजचाच ना? विचारलं मी, बोललात तुम्ही. निम्मा माझा.” सुभेदार म्हणाले, “विहीणबाई, कायद्यात तसं नाही हो.” “तुमच्या कायद्यात नाही म्हणून मी माझा शब्द मोडू? अंगठी तेवढी नीट आणा. भटजींना सांगते, सावकाश घ्या म्हणून. आणि आता ठेवा तो फोन, तुम्हाला गाडीत बसायचंय.” आणि त्यांनीच आधी ठेविला. सुभेदारांनी हातरुमालाने कपाळ पुसले. ट्रकवाला म्हणाला, “सायेब, आता मी बायकूला काय सांगू?” कुसुमबाई म्हणाल्या, “खरं सांगा. आधी दंड भरा.”

सुभेदार जाचकांच्या दारी पोचले तेव्हां सर्व जमलेले होते. केतकी पुढे आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, घेतलात ना फोन?” “घेतला.” “मग?” “महाग पडला. तुझ्या सासूबाईंना विचार.” इतक्यात गजराबाई तबक घेऊन आल्या, त्यात हळदकुंकू, खण, सुपारी आणि दंडाची निम्मी रक्कम पानावर मांडून आणिली होती, आणि चारचौघांत ते तबक व्याह्यांपुढे धरिले. नाकारणे म्हणजे पुन्हा अपमान. म्हणोन सुभेदारांनी ते मस्तकी लावून घेतले. मग अंगठ्या घातल्या, आणि पेढे वाटले, आणि जेवणे जाहली. परंतु जमलेल्या पाहुण्यांनी मात्र चूक केली ती ऐसी, की त्यांनी हा घोलपांकडचा कुळाचार समजला. एक मावशी दुसरीस म्हणाली, “त्यांच्यात वाटेत दंड भरून येतात वाटतं.” दुसरी म्हणाली, “असेल बाई. शुभ असेल.” आणि पौष लागण्याआधी आणखी दोन साखरपुडे जाहले, त्यांत वरपक्षाने तबकात दंडाची निम्मी रक्कम ठेविली आणि वधूपित्याने मुद्दाम चौकीवर जाऊन दंड होतो का म्हणून विचारिले. फोनवर न बोलता दंड देता येत नाही, हे त्यांस समजाविता समजाविता कुसुमबाई थकल्या.

हे ऐकून सुभेदारांस आपला राहिलेला विषय सुटला. त्यांनी दरबारात नवे कलम मांडिले: गाडी चालविणारा फोनवर सापडल्यास दंडाचा निम्मा भाग विचारणाऱ्याने भरावा. दिवाणांनी विचारिले, “हे कुठल्या राज्यातून आणलंत?” सुभेदार म्हणाले, “विहीणबाईंकडून.” श्रीमंत प्रसन्न जाहले आणि शिक्का केला. मग राज्यात नवल जाहले. झोपाळ्यावर बसणाऱ्यांनी फोन खाली ठेविले. ज्यास त्यास “या सावकाश” म्हणण्याची सवय लागली, आणि लोक सावकाश येऊ लागले, आणि येणारा येईपर्यंत घरची माणसे आपापसांत बोलू लागली. वाटेतला दंड कमी जाहला, आणि खजिनदार याविषयी कुरकुरले. परंतु श्रीमंतांनी ते मनावर घेतले नाही.

तात्पर्य, कायदा सुभेदारांनी केला, तो सुभेदारांनीच मोडिला, आणि विहीणबाईंनी पुरा केला. सोयरीक टिकली, चौक्या टिकल्या. माघमासी लग्न जाहले. त्या दिवशी सुभेदारांस यावयास उशीर जाहला, परंतु गजराबाईंनी फोन केला नाही, मांडवाच्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे पाहत राहिल्या, आणि गाडी वळणावर दिसताच मागे वळून सनईवाल्यांस म्हणाल्या, “वाजवा.” इतुके वर्तमान.