भिलाऱ्यांना कळलेलं हृदय

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत कुणाला शिंक आली, तर तो आधी जिन्यात भिलारे आहेत का बघतो आणि मगच शिंकतो. कारण भिलाऱ्यांनी ऐकलं की पाऊण तास गेला.

"ताप आहे का?" इथून सुरुवात. नाही म्हटलं तरी व्याख्यान होतंच. विषय एकच: व्हायरस हृदयात शिरला की पेशींतल्या कॅल्शियमच्या वाटांचं काय होतं. भिलारे डॉक्टर नाहीत. पाणीपुरवठ्यात चाव्या फिरवून भागाभागाला पाणी सोडण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. त्यामुळे हृदयही ते पाइपलाइनसारखंच समजावतात.

"हे बघा, पेशीला बारीक दारं असतात. ठोका आला, दार उघडलं, कॅल्शियम आत, पेशी आवळली. दार बंद, कॅल्शियम बाहेर, पेशी सैल. आमचं कसं, सहाला चावी सोडायची, आठला बंद. आता चावी भलत्यानेच फिरवली तर? कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. परत सांगतो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन बायकोच्या कॅल्शियमच्या गोळ्याच बंद केल्या. दुसऱ्या दिवशी भिलारे भडकले. "अहो, हाडांचं वेगळं, हे वेगळं. गोळ्या चालू करा." मी भीत भीत विचारलं, "आणि दूध?" त्यावर ते पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी जुनी लोखंडी चावी घेऊन आले आणि ती जिन्यात फिरवून दाखवू लागले. चावी म्हणजे व्हायरस की चावी म्हणजे ठोका, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी दारातून म्हणायच्या, "अहो, सोडा त्यांना, ऑफिस आहे." मग भिंतीला धरून सावकाश आत जायच्या. उन्हाळ्यात त्यांना साधा ताप आला होता. ताप उतरला, धाप राहिली. व्हायरसमुळे हृदयाला सूज आलीय, असं निघालं. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी भिलाऱ्यांना चुकवायला आम्ही लिफ्टने जायचो. आता त्याची लाज वाटते.

परवा टाकी बघायला गच्चीवर गेलो, तर भिलारे वही घेऊन एकटेच बसलेले. पळायला जागा नव्हती.

"उद्या हिला परत दाखवायचंय," ते म्हणाले. "एके ठिकाणी लिहिलंय, दारं जास्त उघडी राहतात. दुसरीकडे लिहिलंय, कमी उघडतात. व्हायरस बदलला की म्हणे तेही बदलतं."

"डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?"

"सांगितलं. चित्र काढून. 'कळलं?' म्हणाले. ही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, कळलं." त्यांनी वही मिटली. "काहीच कळलं नव्हतं हो. आता ही रोज विचारते, बरी होईन ना? मी म्हणतो, होशील, मला सगळं समजलंय. म्हणून ज्याला त्याला सांगत सुटतो. सांगता सांगता एखाद्या दिवशी कळेल."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मलाही कळलेलं नाही. परत सांगा. अडेल ते लिहून काढू, उद्या डॉक्टरांना विचारायला."

त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, पेशीला बारीक दारं असतात..."

"बिघडलेलं दार परत नीट होतं का?" मी विचारलं.

भिलाऱ्यांनी वही परत उघडली. मग कोऱ्या पानावर एकचा आकडा घालून त्यांनी तेवढा प्रश्न लिहून घेतला.