एक्केचाळिसावे कलम

लॉर्न हॅवरस्टॉकने बायकोला शब्द दिला होता की शनिवारी दुपारी बारा वाजता तो 'मस्करॅट'मधून मोकळा होईल. असा शब्द त्याने याआधीही चार वेळा दिला होता, त्यामुळे डोरीनने या खेपेला नुसते ऐकून घेतले नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेभोवती लाल गोल काढला आणि तळ्याकाठच्या कॅम्पवर, म्हणजे त्यांच्या सुट्टीतल्या घरी, न्यायच्या सामानाची यादी त्याच्याच खाली टाचली.

मस्करॅट हा फायली वाटून घेण्याचा प्रोग्राम. त्यात मुख्य कॉम्प्युटर असा नाहीच. फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने मागणाऱ्याला द्यायचा. थंडर बेच्या पाणीखात्यातली नोकरी करून लॉर्नने हे प्रकरण एकोणीस वर्षे फुकट सांभाळले होते. वापरणारे हजारो, तक्रार करणारे जवळपास तेवढेच, आणि दुरुस्ती करणारा एकटा. त्यातही एखादी चूक दुरुस्त केली की त्या चुकीची सवय झालेले लोक भांडायला येत. आता तो खरोखर थकला होता. 'लॉर्न, एक बारीकशी गोष्ट' अशी सुरुवात असलेले पत्र दिसले की तो ते न उघडता आधी कचरा टाकून यायचा.

सुदैवाने रिमुस्कीची मिशेलीन बूशार कारभार घ्यायला तयार झाली. तिची अट एकच होती: काय काय दुरुस्त करायचे ते आधी लेखी हवे. लॉर्नने सहा आठवडे बसून चाळीस कलमांचा आराखडा लिहिला. गुरुवारी संध्याकाळी फाइल सोडायची वेळ आली आणि त्याचा हात अडखळला. इतक्या वर्षांचे हे लोढणे गळ्यातून उतरणार म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाले भलतेच, त्याला भीती वाटली. घाईघाईने त्याने शेवटी एक्केचाळिसावे कलम घातले: 'घडी बसेपर्यंत अंतिम शब्द लॉर्नचाच राहील.' घडी कधी बसेल ते लिहिले नव्हते. चाळीस कलमे वाचून दमलेला माणूस एक्केचाळिसाव्याला मान डोलावतो, असा त्याचा अनुभव होता.

आराखडा ई-मेलने पाठवला असता तर दोन मिनिटांत काम झाले असते. पण मागे एकदा त्याने तसे केले, तेव्हा 'आपलाच आपल्या प्रोग्रामवर विश्वास नाही का' म्हणत विनिपेगच्या गॉर्ड ट्वीडी या जुन्या वापरकर्त्याने त्याला तीन आठवडे सोलून काढले होते. म्हणून फाइल मस्करॅटमधूनच गेली. शुक्रवारी हिरवा दिवा लागला: वाटप पूर्ण. लॉर्नने लगेच आपला जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला, कारण त्याच्या खोलीत डोरीनचे शिवणयंत्र यायचे होते आणि कॉम्प्युटरचे ते धूड शनिवारी सकाळी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला जायचे होते. गेलेही.

दहा वाजता आराखडा मंजूर करायची ऑनलाइन मीटिंग सुरू झाली. लॉर्नने फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. शेजारी गुलाबी आइसिंगचे दोन गोड पाव होते, ज्यांना तिथे पर्शियन म्हणतात. पडद्यावर मस्करॅटच्या मंडळींचे अकरा चेहरे आले.

"माझ्याकडे फाइल अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकलीय," मिशेलीन म्हणाली.

"माझीपण," गॉर्ड म्हणाला. बाकीच्या नऊ जणांचेही तेच होते, आणि सगळ्यांचा शेवटचा तुकडाच गायब होता.

"असं कसं? हिरवा दिवा लागला होता की."

"हिरवा दिवा कधी लागतो, लॉर्न?" मिशेलीनने विचारले.

"सगळे तुकडे कुठे ना कुठे पोचले की."

"कुठे ना कुठे म्हणजे?"

"म्हणजे... एकाच जागी असला तरी चालतो."

"सातवं कलम. 'हिरवा दिवा खोटं बोलतो, ताबडतोब दुरुस्त करा.' तुम्हीच लिहिलंय. बरं, तुमची मूळ फाइल असेल ना?"

"पुसली."

"कधी?"

"हिरवा दिवा लागल्यावर," लॉर्न म्हणाला. गॉर्डच्या टोस्ट चावण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मिशेलीनने यादी तपासली. पूर्ण फाइल असलेला कॉम्प्युटर जगात एकच होता. त्याचे नाव 'पाहुणा चार' आणि तो सकाळी पावणेदहाला बंद झाला होता.

"हा कोण उपटसुंभ?" गॉर्डने विचारले.

"कुणी का असेना, परत येईल. कुणीही आपला कॉम्प्युटर बंद करू नका," लॉर्न म्हणाला.

कुणी बंद केला नाही. पण अकराही कॉम्प्युटर एकाच तुकड्यासाठी हाका मारू लागले, आणि त्या गलक्यात प्रोग्राम गुदमरला.

"बारावं कलम," मिशेलीन म्हणाली.

गॉर्डने वैतागून मस्करॅट बंद करून पुन्हा चालू केला. त्याची फाइल शून्यापासून सुरू झाली.

"एकोणिसावं," मिशेलीन म्हणाली.

"लॉर्न, लेका, एकोणीस वर्षं तू नक्की करत काय होतास?"

"चालू असलं की पुन्हा सुरू करू नका असं मी तुला दर आठवड्याला लिहीत होतो, गॉर्ड."

आता शून्यावर बसलेला गॉर्ड इतरांकडून तुकडे ओढू लागला, त्यामुळे सगळ्यांचीच गती मंदावली आणि मिशेलीनने चोविसावे कलम वाचून दाखवले. साडेअकरा वाजले. लॉर्नची पाठ ठणकत होती. पर्शियन तसेच पडून होते.

"हे बघा," मिशेलीन शेवटी म्हणाली, "चाळीसपर्यंत सगळं वाचता येतंय. खाली नुसता 'एक्केचाळीस' आकडा दिसतोय. त्यात काय होतं ते तुम्हीच सांगा, लिहून घेते आणि मोकळे होऊ."

लॉर्नने तोंड उघडले. मागे डोरीन थर्मास विसळत होती. तिने नळ बंद केला.

लिहिताना ते कलम किती सभ्य वाटले होते. बायकोपासून चार हातांवर बसून मोठ्याने म्हणायचे म्हणजे वेगळीच गोष्ट होती.

"किरकोळ होतं काहीतरी," तो म्हणाला.

"मग वगळूया?"

नळ अजून बंदच होता. "वगळा," लॉर्न म्हणाला.

अकराही हात वर झाले. गॉर्डकडे सहाच टक्के आराखडा होता. तो म्हणाला, "मी काही वाचलेलं नाही, पण मला भूक लागलीय. मंजूर." बाराला आठ मिनिटे असताना मस्करॅटच्या सगळ्या किल्ल्या मिशेलीनकडे गेल्या.

सामान गाडीत चढले. लॉर्नने गाडी चालू केली तेव्हा डोरीनने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. "तळ्यावर वारा किती आहे ते बघते. घराचं वायफाय इथवर येतं." लॅपटॉप उघडताच पडद्यावर अक्षरे उमटली: 'स्वागत, पाहुणा चार.'

लॉर्नने गाडी बंद केली. "हा तुझा आहे?"

"तूच नाही का घातलास हा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर, चाचणीपुरता म्हणून? पाच वर्षं झाली. गुरुवारी तुझी फाइल आपोआप आली. मी वाचली. चाळीस कलमं छान लिहिली आहेस."

लॉर्नने सीटबेल्ट काढला.

"आज सकाळी लॅपटॉप उघडल्याबरोबर प्रोग्रामनं मला सांगितलं, 'शेवटचा तुकडा फक्त तुमच्याकडे आहे, कृपया बंद करू नका.'"

"मग?"

"मग बंद केला."

तेवढ्यात पडद्यावर चौकट आली: 'अकरा जण वाट पाहत आहेत. वाटप सुरू करायचे?' खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणे होती.

"काय दाबू?" डोरीनने विचारले. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने खरोखरच त्याच्यावर सोडले होते, आणि तेच त्याला जड गेले. रागावली असती तर भांडता आले असते.

त्याने चौकटीकडे पाहिले. मग गाडीच्या टपावर बांधलेल्या होडीचा दोर समोरच्या काचेवर लोंबत होता, त्याच्याकडे पाहिले.

"'नाही' दाब," तो म्हणाला.

"नक्की?"

"दाब, डोरीन. दमलोय गं मी."

तिने बटण दाबले आणि लॅपटॉप मिटला. एकोणीस वर्षांत लॉर्नने केलेली ही पहिलीच दुरुस्ती, जिच्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.