बांबूच्या पलीकडची म्हैस

गल्ली तुम्ही बंद केलीत साहेब, ती नकाशा बघून. एकदा येऊन गोठा बघितला असता तर तुमची जीप झिजली असती का? कोरोनाचा पेशंट कोण, तर कदमांचा शिवराज. तो पुण्यात आजारी पडला, पुण्यातल्याच दवाखान्यात होता, दिवाळीपासून त्यानं गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आधारकार्डावर पत्ता लोहाऱ्याजवळच्या ह्या गावाचा. झालं! रोगी तिकडं आणि बांबू इकडं. माणसं आली, गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू आवळून बांधले आणि गेली.

लक्ष्मीबाईचं घर आत राहिलं आणि गोठा बाहेर. मधलं अंतर थुंकी पोचेल एवढंच. पण तेव्हा थुंकायलाही बंदी होती.

गोठ्यात चांदी म्हैस. चांदी म्हणजे सासूच. लक्ष्मीबाईशिवाय कुणाचा हात कासेला लागू द्यायची नाही. नवऱ्यानं, उत्तरेश्वरनं, एकदा हौस केली होती. पुढचे दोन दात त्याच हौसेत गेले. सकाळची धार चुकली, दुपारपर्यंत कास टरारली, चांदी रेकायला लागली आणि लक्ष्मीबाई दारात-घरात, घरात-दारात येरझारा घालायला लागली.

"शिवशरण, सोड की रं लेका! धार काढून मागं फिरते. कास सुजून दगडी हुईल तिला, सड जातील कायमचे."

बांबूपाशी गावातलाच होमगार्ड उभा होता. "काकू, नोकरी जाईल माझी. माणसाला बंदी हाय."

"मग म्हशीला आण हिकडं."

"ती काय बांबूखालनं वाकून यील?"

ओट्यावरून उत्तरेश्वर म्हणाला, "अगं, तुझं लुगडं दे त्याला. वासाला भुलती ती. तोंडाला मास्क हायच की."

शिवशरण लाजला. पण ते रेकणं त्यालाही ऐकवेना. खाकीवरूनच त्यानं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला, चरवी गुडघ्यात धरली. इकडून लक्ष्मीबाईनं रोजच्या शिव्या सुरू केल्या, "सरक गं भवाने! पाय घे मागं!" वास ओळखीचा, शिव्या ओळखीच्या. चांदीनं पान्हा सोडला. चरवीत पहिली धार वाजली आणि गोठ्यापुढं साहेबांची जीप थांबली.

"ए बाई! आतली तू बाहेर कशी आलीस?"

बाई ताडकन उठली, बूट जुळवले आणि कडक सॅल्यूट ठोकला. पदर खाली आला. परका आवाज ऐकून चांदीनं लाथ झाडली, चरवी उलटली, पान्हा आटला.

साहेबांना हसू आलं नाही. साहेबांना नियम आठवला.

"हे लुगडं कुठलं?"

"आतलं, साहेब."

"म्हणजे संपर्क आला."

शिवशरणच्या हातावर शिक्का बसला आणि त्याला लुगड्यासकट बांबूच्या आत घातलं. दुसरा होमगार्ड आणायला ड्रायव्हर जीप घेऊन लोहाऱ्याला गेला. तोवर पहाऱ्याला कोण? साहेब. एकटे, उन्हात.

चांदीचं रेकणं थांबलं. आता ती नुसती कण्हत होती. ते ऐकून लक्ष्मीबाईच्या येरझारा थांबल्या. तिनं दोरीवरचं दुसरं लुगडं ओढलं आणि बांबूवरून साहेबांपुढं धरलं. साहेब दोन पावलं मागं सरले. मागं चांदी होती. तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. साहेब पुन्हा पुढं आले.

"भ्यायला काय झालं? नेसा," लक्ष्मीबाई म्हणाली. "धार काढा, हातावर शिक्का मारून घ्या आन् या आत. शिवशरणच्या शेजारी ताट वाढते तुमाला."

"बाई, आम्हाला वरून आदेश आहे."

"वरच्याला म्हैस हाय का? पेशंट पुण्यात हाय, तुमालाबी ठावं हाय. तुमचा शिपाई आत हाय, माझी म्हैस भाईर मरायलीय. मग हे बांबू रोगाला बांधले का आमाला? लुगडं नेसताव का मला सोडताव? बोला साहेब, लवकर बोला!"