कल्ले बघितल्याबिगर नाव नाय

मी पनवेलला राहायचे तेव्हा सकाळी सातला वरच्या गॅलरीतून हमखास आरोळी यायची, "नवरी कसली गो? विधवा हाय ती!" शेजारी नवं बिऱ्हाड आलं, तर त्यांच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वर कुणाचं लग्न मोडलं का हो?"

लग्न कसलं, पतंग! आमचे नाखवा काका उरणच्या बंदरातून रिटायर होऊन एकटेच वर राहायचे. मुलगी शुभा अमेरिकेत. तिच्या दारातल्या दिव्यावर पतंग यायचे, ती फोटो पाठवून फोन करायची आणि काका फोनवर ओरडून जात सांगायचे. सगळे एकाच कुळातले. पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे, मागचे मात्र लालभडक, पिवळे नाहीतर काळेकुट्ट. तिकडच्या लोकांनी नावंही काय ठेवलीत, नवरी, विधवा, रडवी! त्यातला एकही पनवेलला फिरकणार नव्हता, पण काकांना त्याचं काय!

काकांची आई मासळी विकायची. "कल्ले उचलल्याबिगर मासा घ्यायचा नाय, मागचा पंख बघितल्याबिगर पतंगाला नाव द्यायचं नाय," हे त्यांचं शास्त्र. पंख मिटलेला फोटो आला की कडाडायचे, "कल्ले दाखव, कल्ले! उद्या परत पाठव."

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, आमच्या ट्यूबलाइटवरचा बघा की जरा!"

"तो काय, घरचाच हाय," म्हणाले आणि चहा मागितला.

जानेवारीतली गोष्ट. माझ्या स्वयंपाकघरात बसून काका नव्या फोटोवर भिंग फिरवत होते. खाली शुभाने लिहिलेलं, 'आत्ताच दारात बसलाय.' मला राहवेना. "काका, कालच तिने बर्फ दाखवला ना? एवढ्या थंडीत पतंग?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. "थंडीत सगले मरतात गो. हा जुना फोटू हाय. पंखाचा कोपरा तुटलाय, बघ. तीनदा आलाय."

"मग सांगा की तिला!"

"काय सांगू? तिची आय होती तवा तीच बोलायची. आमा बापलेकीला दुसरं काय बोलाया येत नाय. पतंग संपले म्हटलं, तर पोरगी फोन कशापायी करील?"

तेवढ्यात फोन वाजलाच.

"बाबा, ओळखलात?"

काकांनी डोळे पुसले, घसा खाकरला.

"कल्ले दिसत नाय गो. उद्या परत पाठव."