तेविसावी गाडी

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता ओत्ताव्हियोने आपल्या गाडीचं दार उघडलं, तर आत दुसऱ्याच कुणाची तरी टोपी होती.

टोपीखाली नगरपालिकेचा तिरंगी पट्टा नीट घडी घालून ठेवलेला होता. सरपंच आन्सेल्मो तो खांद्यावरून घेऊन लग्नं लावतो. मागच्या सीटवर ओत्ताव्हियोचा नवा सूट लटकत असायला हवा होता, तिथे बटाट्याचं पोतं होतं. सूट नाही, अंगठ्या नाहीत आणि ज्याच्याशिवाय लग्न लागत नाही तो कागदांचा लिफाफाही नाही. ओत्ताव्हियो पहाटेपासून बर्फ सारायचं यंत्र चालवून नुकताच उतरला होता. सकाळी घाईत विसरायला नको म्हणून त्याने हे सगळं आदल्या दिवशीच गाडीत ठेवलं होतं. विसराळू माणसाने आयुष्यात एकदा शहाणपणा करावा आणि नेमका तोच अंगाशी यावा, अशी त्याची गत झाली.

गाडी चुकली असेल हे मात्र त्याच्या मनातही येईना. डोंगरावरच्या प्राबियांको गावात गाडी ओळखायची नसते, मोजायची असते. घरटी तीच पांढरी, डब्यासारखी, चारी चाकांनी चढणारी छोटी गाडी. डिसेंबरात तिच्यावर बर्फ बसला की नंबरप्लेट दिसते ती एप्रिलमध्ये. काचेवरून ताटाएवढी जागा पुसायची आणि निघायचं. चर्चच्या भिंतीपासून मोजत आलं की पहिली गाडी चीजवाल्या प्रोस्पेरची, विसावी गुरांच्या डॉक्टरची, एकविसावी शाळेच्या इव्होनबाईंची, बाविसावी सरपंचाची आणि शेवटची, तेविसावी, ओत्ताव्हियोची. निघून गेलेल्या गाडीचाही बर्फात साचा उरतो, त्यामुळे मोजणी चुकत नाही.

ही सगळी व्यवस्था देल्फिनाची. हिवाळ्यातला रस्ता आणि वाहनतळ सत्तावीस वर्षं तिच्या हातात होता. पर्यटकांच्या तीनशे गाड्या ती शिट्टीच्या तीन सुरांवर खालच्या कुरणात अशा लावायची की दोन गाड्यांमध्ये एक जाडा माणूस आणि त्याची स्कीची जोडी, एवढीच फट राहायची. चाकांना साखळ्या नसतील तर बिशपलाही तिने वळणावरून मागे पाठवलं होतं. गावकऱ्यांची रांग ती बर्फाच्या हिशेबाने कधी भिंतीकडे, कधी ओढ्याकडे सरकवायची, म्हणजे ओत्ताव्हियोचं यंत्र मोकळं फिरायचं. म्हणून गावात सगळ्यांच्या किल्ल्या गाडीतच असत. घरात बायको कपाटाची किल्ली देत नाही असे लोक देल्फिनाला गाडीची देत. सत्तावीस वर्षांत तिने एक गाडी इकडची तिकडे केली नव्हती.

ओत्ताव्हियो रस्ता अडवणाऱ्या साखळीजवळच्या चौकीत गेला. देल्फिना हिरव्या लोकरी झग्यावर चमकतं पिवळं जाकीट चढवून उभी होती. स्वतःचं लग्न असलं तरी शिट्टी गळ्यात होती.

"माझी गाडी कुठाय?"

"तेविसावी."

"तेविसाव्या जागी आन्सेल्मोची आहे."

"आन्सेल्मोची बाविसावी. तू चुकीचं मोजलंस. पहाटे चारला उठलायस."

"दोनदा मोजलं गं."

"मग तिसऱ्यांदा मोज."

शेवटी ती स्वतः आली. तिने भिंतीपासून बोट धरून मोजलं, तेवीसवर थांबली, दार उघडून टोपी पाहिली आणि दार हळूच लावलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"काल दुपारी रांग भिंतीकडे घेताना तुझी गाडी मी आधी आणली," ती म्हणाली. "पहिल्या जागी लावली. म्हणून बाकीच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकल्या."

"माझी पहिली? का?"

"का म्हणजे? मला काय माहीत."

तशा आणीबाणीतही ओत्ताव्हियोला बरं वाटलं. "पहिली लावलीस," तो पुन्हा म्हणाला.

"दात काढू नकोस. आज शेवटचा दिवस आहे."

तेही खरंच होतं. त्यांच्या लग्नाचा जाहीरनामा नगरपालिकेच्या फळ्यावर ऑगस्टमध्ये लागला होता आणि तो एकशे ऐंशी दिवस चालतो. आधी गवत कापायचं राहिलं होतं, मग गुरं खाली आणायची होती, मग बर्फच लवकर पडला. असं करत एकशे ऐंशीवा दिवस उजाडला. लग्न अकरा वाजता खाली दरीतल्या नगरपालिकेत होतं. वर गावात रात्रीतून कंबरभर बर्फ पडल्यामुळे रस्ता दहा वाजता बंद होणार होता, तो उद्या सकाळीच उघडणार होता. वरच्या कड्यावर सुरुंगवाले बसलेले. देल्फिनाने दहाला फोनवर "रस्ता रिकामा" म्हटलं की ते सुरुंग लावून लोंबता बर्फ पाडणार. त्यासाठी खाली जाणारी शेवटची गाडी पावणेदहाच्या आत साखळीबाहेर पडावी लागे.

"पहिल्या जागेवरची गाडी प्रोस्पेरने नेली असणार," देल्फिना म्हणाली. "चल."

प्रोस्पेरचं चीजचं घर गावाच्या पार वरच्या टोकाला. वाटेत शाळेपाशी इव्होनबाईंनी त्यांना अडवलं. त्यांच्या हातात खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे होते.

"देल्फिना, हे माझ्या गाडीत कुणी टाकले? पोरं विचारतायत बाई हे कशाला, आणि मला सांगता येत नाही."

"ती गाडी डॉक्टरची आहे. तुझी आन्सेल्मोकडे असेल."

"शक्य नाही. मी एकविसावी मोजून घेतली."

"मोजलीस बरोबर," देल्फिना चालता चालता म्हणाली. इव्होनबाईंना त्याचा अर्थ कळला नाही, पण देल्फिना म्हणतेय म्हणजे ठीक असणार, म्हणून त्या आत गेल्या.

प्रोस्पेर तांब्याच्या कढईत दूध ढवळत होता. अंगात एप्रन होता आणि एप्रनखाली ओत्ताव्हियोचा लग्नाचा कोट.

"गाडीत मिळाला," तो खुशीत म्हणाला. "म्हटलं बायकोने घेतला असेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझं काहीतरी सुचलं. जरा ढगळ आहे, पण चालेल."

"काढ," देल्फिना म्हणाली.

प्रोस्पेरने कोट काढला. तेवढ्यात त्याचा चेहरा इतका उतरला की ओत्ताव्हियोने त्याला खिशातला रुमाल राहू दिला. अंगठ्या होत्या, लिफाफा होता. कोटाला ताकाचा वास मारत होता, पण वासावरून कुणाचं लग्न मोडत नाही. गाडी मात्र दुधाच्या कॅनखाली चेपली होती. कॅन उतरवले, गाडी सुरू केली, आणि ते साखळीपाशी पोचले तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती.

"पंधरा मिनिटं माग त्यांच्याकडे," ओत्ताव्हियो म्हणाला. "फक्त आपलीच गाडी आहे."

"सत्तावीस वर्षांत कुणाला दिली?"

"तुझं लग्न आहे, देल्फिना."

"त्या उतारावर ऊन आलंय. खाली येणारा बर्फ कुणाचं लग्न आहे ते विचारत नाही." ती उतरली, साखळी आकड्यात अडकवली आणि ठोक्याला फोन उचलला. "प्राबियांको. रस्ता रिकामा." आवाज रोजच्यासारखाच होता. कड्यावरच्या माणसांनी पुन्हा विचारलं नाही. तिच्या शब्दावर ते कधीच पुन्हा विचारत नसत. आधी लगीन कोंढाण्याचं, अशी माणसं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही.

फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ओत्ताव्हियोने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उन्हाळ्यात पुन्हा जाहीरनामा लावू."

"पुन्हा गवत वाढेल, पुन्हा गुरं उतरतील, पुन्हा बर्फ पडेल," ती नाक पुसत म्हणाली. "तू एकसष्टचा, मी अठ्ठावन्नची. मला आज हवं होतं रे."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सरपंच आन्सेल्मो गाडीतून उतरला. गाडी इव्होनबाईंची होती, मागच्या काचेला वह्यांचा ढीग टेकला होता.

"साखळी काढ," तो म्हणाला. "मला अकराला एक लग्न लावायचंय. पट्टा सापडत नाही म्हणून बायकोशी तासभर भांडलो, आता ती माहेरी निघालीय."

"आजच्या दिवस नाही जाणार. रस्ता बंद आहे," देल्फिना म्हणाली.

"अगं, मग खाली त्या नवरानवरीने काय करायचं?"

आन्सेल्मोने देल्फिनाकडे पाहिलं, मग ताकाच्या वासाच्या कोटातल्या ओत्ताव्हियोकडे पाहिलं आणि टोपी काढायला हात डोक्याकडे नेला. टोपी नव्हतीच. "अस्सं," तो म्हणाला.

आन्सेल्मो तसा सावकाश माणूस, पण सरपंचकीत मुरलेला. दोन वर्षांपूर्वी चौकीत नगरपालिकेच्या विजेवर शेगडी चालावी म्हणून पंचांनी चौकीला "नगरपालिकेचं हिवाळी कार्यालय" करून टाकलं होतं, हे त्याला आठवलं; म्हणजे लग्न इथेही लागू शकत होतं. नोंदवही त्याच्या पिशवीतच होती, कारण अक्षर सुवाच्य यावं म्हणून तो नावं घरूनच लिहून आणी; आज पट्ट्याच्या भांडणात तेवढं राहून गेलं होतं. पट्टा तेविसाव्या गाडीत होता. साक्षीदार हवे होते, तर आपापल्या गाड्या शोधत अर्धं गाव चौकीपुढे जमलं होतं आणि बरंच तापलेलं होतं.

"हा घोळ केला कुणी?" डॉक्टर विचारत होता. "मी गाईसाठी निघालो आणि पोचलो पोस्टाच्या टपालासकट."

"मी केला," ओत्ताव्हियो एकदम म्हणाला. देल्फिना वळली, पण तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. "पहाटे यंत्र नेताना माझी गाडी आड आली. ती उचलून पहिल्या जागी घातली आणि बाकीच्या सरकवल्या. अंधार होता."

मग त्याला गावाने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बावीस गाड्या अंधारात एकट्याने कोण सरकवील, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मजेत दिसत होता.

आन्सेल्मोने पट्टा खांद्यावर घेतला आणि वही उघडली. "देल्फिना, ओत्ताव्हियोला पती म्हणून..."

"थांब," देल्फिना म्हणाली. "खोट्यावर सही नाही करणार मी. त्याने काही केलेलं नाही. गाडी मी चुकीची लावली. काल दुपारी, चांगल्या उजेडात, मी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, कारण माझं लक्ष कामावर नव्हतं. उद्या लग्न आहे एवढंच डोक्यात होतं."

इव्होनबाईंनी डोळे टिपले. कड्यावर पहिला सुरुंग उडाला, खिडक्या थरथरल्या आणि दूर खाली रस्त्यावर बर्फ आदळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बघा," प्रोस्पेर भारावून म्हणाला. "सही व्हायच्या आधीच नवऱ्यावर पांघरूण घालतेय."

"अरे, मी खरं सांगतेय."

"हो हो," डॉक्टर म्हणाला आणि त्याने ओत्ताव्हियोकडे रागाने पाहिलं. "अशी बायको मिळतेय, जरा तरी लाज बाळग."

लग्न लागलं. त्या हिवाळ्यात देल्फिना भेटेल त्याला सांगत राहिली की चूक माझी होती, कुठल्या क्रमाने कुठली गाडी आणली तेही बर्फात काठीने काढून दाखवत राहिली. लोक आदराने ऐकून घेत, मान डोलावत आणि घरी जाताना ओत्ताव्हियो दिसला की त्याला पुन्हा चार शब्द सुनावून जात.